जिओड ‘लोकेट’ला का सापडत नाही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी पत्रांचा ढीग माइनक्राफ्ट या ब्लॉकच्या गेममधल्या जमिनीवर आला आहे: गुहा, खनिजं, जिओड, विहिरी. वेगळं काही म्हटलं नसेल तिथे आकडे जावा एडिशनचे (गेमची कॉम्प्युटरवरची एक आवृत्ती) आणि १.१८ नंतरच्या जगाचे आहेत. उंची म्हणजे वाय निर्देशांक. तो ‘एफ ३’ दाबल्यावर दिसतो. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. खेळात त्या अर्थातच रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

प्रश्न : जागा शोधणाऱ्या ‘स्लॅश लोकेट’ कमांडने गाव सापडतं, वाळवंटातला पिरॅमिड सापडतो. पण अ‍ॅमेथिस्टचा जिओड (स्फटिकांचा पोकळ गोळा), जीवाश्म आणि डंजन (राक्षसांची भूमिगत खोली) यांची नावं यादीतच येत नाहीत. गेममध्ये बिघाड आहे का?

बिघाड नाही. जग घडवताना गेम दोन वेगळ्या पद्धती वापरतो, आणि त्यातली एकच ‘लोकेट’ला कळते.

गाव, पिरॅमिड, प्राचीन शहर ही ‘स्ट्रक्चर’ झाली. त्यांची जागा सीडवरून, म्हणजे जग ज्यावरून घडतं त्या आकड्यावरून, गणिताने ठरते. तिथला चंक, म्हणजे १६ बाय १६ ब्लॉकचा जमिनीचा तुकडा, अजून तयार झालेला नसला, तरी हिशोब करून गेम जागा सांगू शकतो. जिओड, जीवाश्म, डंजन, वाळवंटातली विहीर, हिमनग, झाडं, खनिजांचे साठे ही ‘फीचर’. चंक जन्माला येताना आधी दगडाचा आकार ठरतो, मग गुहा कोरल्या जातात आणि शेवटी सजावटीची फेरी होते. या फेरीत प्रत्येक फीचरसाठी फासा टाकला जातो. दान पडलं की ब्लॉक बसतात आणि गेम ते विसरून जातो. ‘इथे जिओड आहे’ अशी नोंद कुठेच राहत नाही. राहतात ते नुसते ब्लॉक.

हा फरक खेळतानाही जाणवतो. समुद्री मॉन्युमेंटची हद्द गेमच्या लक्षात असते, म्हणून तुम्ही भिंती पाडल्यात तरी तिथले पहारेकरी, म्हणजे गार्डियन, येत राहतात. डंजनचं तसं नाही. मधला स्पॉनर (राक्षस निर्माण करणारा ब्लॉक) फोडला की उरते ती शेवाळलेल्या दगडांची रिकामी खोली.

मग जिओड शोधायचा कसा? जावामध्ये साधारण २४ चंकांमागे एका चंकात तो पडतो, उंची उणे ५८ ते ३० यांच्या दरम्यान. ऐकायला हे प्रमाण भरपूर वाटतं. पण ही उंचीची पट्टी जवळजवळ ९० ब्लॉकची आहे, त्यामुळे एकाच पातळीवर बोगदा खणत गेलात तर बहुतेक जिओड डोक्यावरून नाहीतर पायाखालून निघून जातात. त्यापेक्षा समुद्राचा तळ आणि किनारा पाहा. किनाऱ्याच्या वाळूतून किंवा समुद्रतळातून वर आलेला काळपट गोळा होडीतूनसुद्धा दिसतो. खाणीत असाल तर गुळगुळीत बेसाल्टचा ब्लॉक हीच खूण. जमिनीवरच्या जगात हा दगड निसर्गतः जिओडच्या बाहेरच्या कवचातच मिळतो. त्याच्या आत पांढरा कॅल्साइट आणि त्याच्या आत जांभळा थर.

क्रिएटिव्हमध्ये नुसता पाहायचा असेल तर ‘स्लॅश प्लेस फीचर’ लिहून पुढे अ‍ॅमेथिस्ट जिओडचं नाव द्या. १.१९ पासून ही कमांड जावामध्ये आहे. उभे आहात तिथेच जिओड उगवेल, तेव्हा घरात उभं राहून करू नका.

प्रश्न : जग बनवताना ‘जनरेट स्ट्रक्चर्स’ बंद केलं होतं. तरीही काल खाणीत डंजन आणि दोन पेट्या सापडल्या. असं कसं?

वरचंच कारण. तो स्विच फक्त स्ट्रक्चर थांबवतो. डंजन फीचर आहे, म्हणून ते येतंच. जिओड, जीवाश्म आणि विहिरीही येतील. पेट्या खुशाल घ्या.

प्रश्न : जिओड सापडला, पण ज्यावर स्फटिकांच्या कळ्या फुटतात तो कळीवाला ब्लॉक सिल्क टचनेही (ब्लॉक जसाच्या तसा काढणारी जादू) हातात येत नाही. पिस्टनने सरकवायला गेलो तर फुटला. फार्म घरी कसा न्यायचा?

नेता येत नाही. कळी फुटणारा अ‍ॅमेथिस्ट ब्लॉक सर्व्हायव्हलमध्ये कोणत्याही हत्याराने मिळत नाही आणि पिस्टनच्या ढकलण्याने तुटतो. फार्म जिओडच्या जागीच बांधायचा, एवढा एकच मार्ग आहे.

आधी आतल्या थरातले कळीवाले ब्लॉक ओळखा. त्यांच्या पृष्ठभागावर फुलीसारखी नक्षी असते. मग त्यांच्याभोवतीचा साधा अ‍ॅमेथिस्ट आणि कॅल्साइट काढून सहाही बाजू मोकळ्या करा. जितक्या बाजू मोकळ्या, तितक्या कळ्या. घाईत एखादा कळीवाला ब्लॉक फुटला तर तो कायमचा गेला. म्हणून कडेचे ब्लॉक काढताना एफिशिअन्सीचं (खणणं वेगवान करणाऱ्या जादूचं) पिकॅक्स बाजूला ठेवा आणि साधं वापरा. इतका कंटाळवाणा सल्ला दुसरा नाही, पण बहुतेकांचं नुकसान इथेच होतं.

वाढीचा हिशोब असा : प्रत्येक ब्लॉकला सरासरी ६८ सेकंदांनी एक रँडम टिक, म्हणजे वाढीची यादृच्छिक संधी, मिळतो. त्यावर वाढ होण्याची शक्यता २० टक्के, आणि वाढ सहापैकी कोणत्या बाजूला होईल तेही फाशावर. म्हणजे एका ठरावीक बाजूला एक टप्पा पुढे सरकायला सरासरी ३४ मिनिटं लागतात. चार टप्पे पार करून पूर्ण घोस व्हायला सव्वादोन तास. हे घड्याळ तुम्ही जवळपास असतानाच चालतं. रँडम टिक सहसा खेळाडूच्या आसपासच्याच भागात होतात, तेव्हा फार्म सोडून लांब भटकायला गेलात तर परतल्यावर काहीच वाढलेलं नसेल.

तोडताना फक्त पूर्ण वाढलेला घोस तोडा. पिकॅक्सने चार तुकडे पडतात, फॉर्च्यून तीन (जास्त माल देणारी जादू) असेल तर सरासरी ८.८. हाताने किंवा पिस्टनने तोडला तर दोनच. लहान कळ्या सिल्क टचशिवाय तोडल्या तर काहीच मिळत नाही.

प्रश्न : हिऱ्यांसाठी नेमकी कोणती पातळी? कुणी उणे ५९ म्हणतं, कुणी उणे ५३. जुन्या मित्रांचं अजून ११ वर अडलेलं आहे.

अकरा विसरा. तो आकडा १.१८ आधीचा, जेव्हा जगाचा तळ शून्यावर होता. ३० नोव्हेंबर २०२१ ला आलेल्या १.१८ ने तळ उणे ६४ वर नेला आणि माथा ३१९ वर. आता हिरे १६ पासून खाली मिळतात आणि जितकं खोल जावं तितके वाढतात. १.२०.२ मध्ये खोल थरांतलं प्रमाण आणखी वाढवलं आहे.

उणे ५९ आणि उणे ५३ यांतला वाद हिऱ्यांचा नाही, लाव्हाचा आहे. उणे ६० पासून खाली बेडरॉकचे (न फुटणाऱ्या दगडाचे) ठिपके सुरू होतात आणि उणे ६४ ला तो सलग असतो. पाय उणे ५८ वर ठेवून दोन ब्लॉक उंच बोगदा खणला तर जमिनीतही बेडरॉक आड येत नाही. पण उणे ५५ आणि त्याखालच्या मोकळ्या पोकळ्या सहसा लाव्हाने भरलेल्या असतात. म्हणजे या बोगद्यात तुम्ही लाव्हाच्या पातळीखाली चालत असता. भिंत फुटली की लाव्हा तुमच्याकडे येतो. उणे ५३ वर चाललात तर लाव्हाची तळी पायाखाली राहतात, हिरे मात्र थोडे कमी. नव्या खेळाडूने, त्यातही सामान गमवायची भीती असेल त्याने, उणे ५३ घ्यावं. बाकीच्यांनी उणे ५८.

आता ज्याकडे फारसं कुणी बघत नाही ती गोष्ट. हिऱ्यांचा साठा हवेला लागून पडणार असेल तर गेम तो बऱ्याचदा रद्द करतो. छोट्या साठ्यात हवेला लागणारे ब्लॉक ५० टक्के वेळा गळतात, मोठ्यात ७० टक्के, आणि एक प्रकार असा की तो हवेला लागूच शकत नाही. म्हणून भव्य गुहेच्या भिंती न्याहाळत फिरण्यापेक्षा घन दगडात बोगदा खणणं खोल पातळीवर जास्त फळतं. याला एक पळवाटही आहे. हा नियम फक्त हवेचा आहे, पाण्याचा नाही. पाण्याने भरलेल्या गुहांच्या भिंतींवर हिरे गळालेले नसतात. पाण्याखाली श्वास घेण्याचं आणि अंधारात दिसण्याचं औषध घेऊन खोल बुडालेल्या गुहेत एक फेरी मारा.

बोगद्यांची आखणी : एक मुख्य बोगदा, त्यातून दोन्ही बाजूंना एक ब्लॉक रुंद, दोन ब्लॉक उंच फांद्या. दोन फांद्यांमध्ये दोन ब्लॉक दगड सोडला तर मधला प्रत्येक ब्लॉक दिसतो. तीन सोडले तर मधली एक ओळ लपते. पण साठे सहसा एका ब्लॉकपेक्षा रुंद असतात, म्हणून नुकसान थोडं आणि खणणं बरंच वाचतं. आम्ही तीन सोडायला सांगू. शून्याखाली सगळा डीपस्लेट हा कठीण दगड आहे आणि तो फोडायला साध्या दगडाच्या दुप्पट वेळ लागतो, तेव्हा एफिशिअन्सीशिवाय उतरू नका. हॉटबारमध्ये पाण्याची बादली आणि फोडलेल्या डीपस्लेटचे ब्लॉक कायम हाताशी. लाव्हा दिसला की आधी ब्लॉक लावून भोक बुजवा, पाणी मग. आणि उभे आहात तोच ब्लॉक कधीही खणू नका.

प्रश्न : उणे ३० च्या आसपास खणताना टफ या करड्या दगडाचा प्रचंड पट्टा लागला, मध्ये मध्ये लोखंड. सोडून द्यावा का?

अजिबात नको. बहुधा तुमच्या हाती लोखंडाची मोठी शीर लागली आहे. अशा शिरा दोन प्रकारच्या. लोखंडाची उणे ६० ते उणे ८ मध्ये, भोवती टफ. तांब्याची शून्य ते ५० मध्ये, भोवती ग्रॅनाइट. त्या गोळ्यासारख्या नसतात, सापासारख्या वळत कित्येक चंक पसरतात. एकेका शिरेत शेकड्यांनी खनिज निघू शकतं.

फसगत होते ती टफच्या साध्या गोळ्यांमुळे. शून्याखाली ते सगळीकडे आहेत आणि त्यांत काही नसतं. ओळखायची खूण अशी की टफच्या आतच लोखंडाचे ब्लॉक विखुरलेले दिसायला हवेत. आणि कच्च्या लोखंडाचा अख्खा ब्लॉक दिसला तर शंकाच नको, कारण तो निसर्गतः शिरेतच बसतो. मग टफ ज्या दिशेला जातो त्या दिशेला खणत राहा. कड लागली म्हणजे शीर संपली असं मानू नका. वर-खाली दोन-तीन ब्लॉक तपासा, बऱ्याचदा तिने नुसती मान वळवलेली असते.

प्रश्न : आमचं जग १.१६ पासूनचं. अपडेट केलं, पण चेरीची बाग कुठेच नाही. ‘लोकेट बायोम’ने (बायोम म्हणजे प्रदेशाचा प्रकार) दाखवलेल्या जागी गेलो तर साधं कुरण. वाळवंटातल्या विहिरीत संशयास्पद वाळूही (आत वस्तू दडलेली) नाही.

तीन तक्रारी आणि कारण एकच : चंक एकदाच घडतो. तुम्ही ज्या भागात फिरलात तो फाइलमध्ये लिहून झाला. नवी आवृत्ती त्याला नवीन फीचर द्यायला परत येत नाही. चेरीची बाग आणि विहिरीतली संशयास्पद वाळू दोन्ही १.२० च्या, म्हणजे जून २०२३ च्या. त्याआधी घडलेल्या विहिरीत नुसती वाळूच असणार.

‘लोकेट बायोम’ने फसवलं त्याचं कारण असं की ती कमांड फाइलमध्ये काय लिहिलंय ते बघत नाही. आजच्या नियमांनी हिशोब केला तर तिथे काय आलं असतं, ते सांगते. म्हणून जुन्या भागाकडे बोट दाखवलं तर ते उत्तर कागदावरचं.

एक अपवाद मात्र मोठा आहे. १.१८ मध्ये जुन्या चंकांच्या तळाचा बेडरॉक डीपस्लेटमध्ये बदलतो आणि शून्याखालचा भाग नव्याने घडतो. तुमच्या जुन्या घराखाली आता खोल गुहा आणि हिरे आहेत.

उपाय दोन. पहिला सोपा : न पाहिलेल्या दिशेला दूर जा. जुन्या-नव्याच्या सीमेवर पूर्वी सरळ कापलेले कडे उभे राहायचे. १.१८ पासून गेम १.१८ आधीच्या चंकांना नव्या जमिनीशी उतार देऊन जोडतो. दुसरा उपाय, न वापरलेले चंक कापून टाकायचे, म्हणजे पुढच्या वेळी तिथे गेल्यावर ते नव्याने घडतील. जावासाठी एमसीए सिलेक्टर नावाचं साधन आहे.

जग पूर्ण बंद करा आणि सेव्ह फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा. ही पायरी गाळणाऱ्यांची पत्रं आम्हाला नेहमी येतात. मग साधनात ‘इनहॅबिटेड टाइम’चा गाळणा लावा. चंकाजवळ खेळाडूने किती वेळ काढला ते त्यात टिकमध्ये असतं, एका सेकंदाला २० टिक. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ घालवलेले चंक हवेत तर ६००० पेक्षा कमी असं द्या. निवडलेला भाग नकाशावर रंगून दिसेल. आता लगेच डिलीट दाबू नका. लांबलचक रेल्वे, नेदर या पाताळातले रस्ते, समुद्रातले पूल इथून तुम्ही नुसते जाता, थांबत नाही, त्यामुळे त्यांचा वेळ कमी भरतो आणि ते गाळण्यात अडकतात. ते हाताने निवडीतून काढा. मगच कापा.

१.१८ नंतर घडलेले चंक कापले तर उंचसखलपणा जुळतो, पण बायोमची कड सरळ रेषेत दिसू शकते. ती नंतर झाडं लावून झाकावी लागते.

आणि नवी विहीर सापडली तर : वाळवंटात साधारण हजार चंकांमागे एक, तेव्हा घाई करू नका. संशयास्पद वाळूचे दोन ब्लॉक पाण्याखाली असतात. फावड्याने खणले तर तुटतात, त्यांच्याखालचा ब्लॉक काढला तर पडून तुटतात. ब्रश धरूनच ठेवायचा. पीस, तांब्याची वीट आणि काठी एकाखाली एक ठेवली की ब्रश तयार.

प्रश्न : मैदानात एकच अझेलियाचं झाड उभं होतं. त्याच्याखाली हिरवी गुहा असते म्हणतात, खरं का?

खरं. अझेलियाचं झाड हिरव्या गुहेबरोबरच जमिनीवर येतं आणि त्याच्याखाली मुळांच्या मातीचा खांब गुहेच्या छतापर्यंत उतरतो. तो खांब धरून, पण त्याच्या शेजारून, पायऱ्या पाडत उतरा. नेमकं खालीच खणलं तर छत फुटून थेट पोकळीत पडाल. बादली बरोबर हवीच.

दुसऱ्या खेळाडूंच्या सर्व्हरवर असाल तर एक तपासणी करा. बोनमील (हाडांचं खत) घालून वाढवलेल्या झाडाखालीही मुळांची माती तयार होते, पण एकच ब्लॉक. दुसरा ब्लॉक खणून बघा. तिथे साधी माती असेल तर ते झाड कुणीतरी लावलेलं आहे.

प्रश्न : प्राचीन शहर शोधायचं आहे, पण चीट वापरायचे नाहीत. कुठून सुरुवात करू?

उंच डोंगरातून. शहर ज्यात असतं तो डीप डार्क बायोम गेमच्या ‘इरोजन’ या मापावर ठरतो. हे माप कमी असतं तिथे वर शिखरं आणि पठारं उभी राहतात, खाली डीप डार्क येतो. नदी, दलदल किंवा समुद्राखाली खणत बसणं म्हणजे वेळ घालवणं. शहराचा पाया उणे ५१ च्या आसपास असतो. डोंगररांगेच्या मध्यातून तिरका जिना उणे ३० पर्यंत न्या आणि तिथून आडवं चालत ‘एफ ३’मध्ये बायोमचं नाव बघत राहा. डीप डार्कमध्ये साधे राक्षस आपोआप येत नाहीत. अंधार आहे पण आवाज नाही, असं झालं की जवळ आलात.

तिथून पुढे शिफ्ट धरून चाला. स्कल्क सेन्सर या कंपनं टिपणाऱ्या ब्लॉकला आठ ब्लॉकपर्यंतची हालचाल कळते, लोकरीवर टाकलेली पावलं कळत नाहीत. नैसर्गिक श्रीकर (धोक्याची हाक देणारा ब्लॉक) चौथ्यांदा ओरडला की वॉर्डन हा भयंकर राक्षस येतो. तोपर्यंत काही झालं नाही तर दर दहा मिनिटांनी एक इशारा कमी होतो, तेव्हा दोनदा ओरडल्यावर बाहेर जाऊन थांबणं यात भित्रेपणा काही नाही.

प्रश्न : मी कॉम्प्युटरवर, बहीण मोबाइलवर. सीड तोच टाकला तर जग तेच येईल का?

१.१८ पासून डोंगर, नद्या, बायोम जवळपास तेच येतात, दोघांची आवृत्ती जुळत असेल तर. गावं, जिओड, खनिजं मात्र वेगळ्या जागी पडतील. तुमच्या हिऱ्यांचे निर्देशांक तिच्या कामाचे नाहीत.

प्रश्न : ‘फार लँड्स’ अजून आहेत का? जमिनीची ती भिंत कशामुळे तयार व्हायची?

आजच्या जावामध्ये नाहीत. सप्टेंबर २०११ मधल्या बीटा १.८ ने त्या घालवल्या. त्याआधी केंद्रापासून सुमारे १,२५,५०,८२० ब्लॉकवर जमीन अचानक भिंतीसारखी उभी राहायची, भोकांनी चाळण झालेली.

कारण निव्वळ अंकगणित. जमिनीचा आकार ठरवणाऱ्या नॉइजला (यादृच्छिक चढउतारांच्या गणिताला) ब्लॉकचा निर्देशांक सुमारे १७१.१ ने गुणून दिला जायचा. ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. भागून बघा, उत्तर सव्वा कोटीच्या थोडं पुढे, म्हणजे त्याच भिंतीपाशी येतं. तिथून पुढे पूर्णांक वाढायचा थांबायचा, आकडेमोड भरकटायची आणि नॉइजचे आकार एका दिशेला ताणले जायचे.

पाहायच्या असतील तर लाँचरमध्ये जुन्या आवृत्त्या दाखवायचा पर्याय चालू करून बीटा १.७.३ घ्या. सेकंदाला ४.३ ब्लॉक वेगाने चालत ८०० तासांहून जास्त लागतील. नेदरमधून गेलात तर एक ब्लॉक म्हणजे वरचे आठ, म्हणून सुमारे १०० तास, शिवाय लाव्हा. इतक्या दूर दशांश अपुरे पडतात आणि चालताना पडदा थरथरतो. तुमचं ग्राफिक्स कार्ड बिघडलेलं नाही.